किल्लारीचा प्रश्न आणि शिलोहाचा बुरूज

बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील आपल्या कुटुंबांस ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट निराळी समजावून सांगावी लागत नाही. किल्लारी हे गाव महाराष्ट्रात, लातूर जिल्ह्यात आहे. परंतु बसवकल्याण आणि आळंद तेथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहेत, आणि सोयरीक, बाजारहाट, देवदर्शन या गोष्टी राज्याची सीमा विचारून होत नसतात. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक निजले होते. पहाटेचे चार वाजावयास चार-पाच मिनिटे असताना जमीन हादरली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीचा ढीग होऊन पडली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात धरली जाते.

ढिगारे उपसून होतात न होतात तोच माणसे विचारू लागतात : असे कोणते पाप घडले होते? कोणी म्हणतो देवीचा कोप झाला, कोणी म्हणतो कलियुग भरले, कोणी गावाच्या जुन्या भानगडी उकरून काढतो. ख्रिस्ती उपदेशकांपैकीही काहींच्या तोंडी अशा वेळी ‘देवाचा न्याय’, ‘अंतकाळची चिन्हे’ हे शब्द येतात. आपल्या भागात ख्रिस्ती समाज थोडाथोडका नाही. बीदरला मेथॉडिस्ट मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. कलबुर्गी हा स्वतंत्र कॅथोलिक धर्मप्रांत २००५ साली झाला. तेव्हा ख्रिस्ती धर्म या प्रश्नाला नेमके काय उत्तर देतो हे ख्रिस्ती व इतर, अशा सर्वच वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, अशी शंका कोणास आली तर तिचे उत्तर सोपे आहे. ज्याला मदत द्यावयाची तो आपल्या कर्माची फळे भोगीत आहे अशी दात्याची मनातून समजूत असेल, तर त्याची मदत देण्याची रीतच बदलते. तो हात आखडता घेतो, किंवा देताना चार शब्द ऐकवतो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की बायबलमध्ये दैवी शिक्षेची भाषा आहे, आणि ती पुष्कळ आहे. नोहाच्या काळचा जलप्रलय, सदोम नगरीवर पडलेला अग्नी, मिसर देशावर आलेल्या पीडा हे सर्व देवाचा न्याय म्हणूनच सांगितले आहे. आमोस नावाचा मेंढपाळ संदेष्टा उज्जीया राजाच्या कारकिर्दीत, भूकंपाच्या दोन वर्षे आधी बोलला, असे त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच ओळीत नमूद आहे. पाऊस आवरून धरणारा, पिकावर तांबेरा पाडणारा देवच, असे तो स्पष्ट म्हणतो. ‘आमचा धर्म असे काही शिकवीतच नाही’ असे जो ख्रिस्ती मनुष्य म्हणेल त्याने आपला ग्रंथ निम्माच वाचला आहे असे म्हणावे लागेल.

परंतु आमोस कोणाविषयी बोलतो तेही पाहिले पाहिजे. तो आपल्याच लोकांविषयी बोलतो. त्यांतही जे लाच खातात, मापात मारतात, गरिबाला पायतणाच्या जोडीसाठी विकतात त्यांच्याविषयी. तो संकटाच्या आधी बोलतो, कारण सांगून बोलतो, आणि ऐकणाऱ्यांस सुधारण्यास अवकाश ठेवून बोलतो. संकट होऊन गेल्यावर दुसऱ्याच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखविणे हे निराळेच काम आहे, आणि संदेष्ट्यांनी ते क्वचितच केले. अब्राहाम तर सदोमसाठी देवाशी घासाघीस करतो : पन्नास नीतिमान निघाले तर, पंचेचाळीस निघाले तर, असे करीत तो दहावर येऊन थांबतो. योनाची गोष्ट याहून बोलकी आहे. निनवे नगरीचा नाश होणार असे तो सांगून येतो, नगरी पश्चात्ताप करते, नाश टळतो, आणि बाहेर बसून नाश पाहण्याची तयारी केलेला हा संदेष्टा रुसतो. तेव्हा देव त्याला त्या शहरातील हजारो अजाण जिवांची आठवण देतो, आणि तेथील गुराढोरांचीही. ग्रंथ तेथेच संपतो. योना काय उत्तरला ते सांगितलेले नाही.

ईयोबाचा ग्रंथ सबंध याच प्रश्नाला वाहिलेला आहे. वाऱ्याने घर कोसळून त्याची मुले मेली, गुरे गेली, अंगभर गळवे उठली. तीन मित्र समाचाराला आले. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांनी केलेले उत्तम काम तेवढेच. आठव्या दिवसापासून त्यांची तोंडे सुटली : देव न्यायी आहे, त्याअर्थी तू काहीतरी केले असलेच पाहिजेस. अध्यायामागून अध्याय हाच वाद चालतो. शेवटी देव बोलतो तेव्हा दुःखाचे कारण तो ईयोबाला सांगत नाहीच. पण रागावतो तो मित्रांवर, ज्यांनी देवाची बाजू घेतली होती त्यांच्यावर. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली दुःखाच्या अर्थाविषयी जे पत्र प्रसिद्ध केले त्यात याच ग्रंथाचा आधार घेऊन, प्रत्येक दुःख हे अपराधाचेच फळ असते हे खरे नाही, असे सांगितले आहे.

आता ज्या प्रसंगावरून या लेखाला नाव दिले तो प्रसंग. तो लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. पिलाताने काही गालीलकरांची मंदिरातच कत्तल केली, ही बातमी लोक येशूला सांगतात. बातमी सांगण्याच्या सुरातच त्यांचा प्रश्न असावा, कारण येशू उत्तर देतो ते न विचारलेल्या प्रश्नाला : ते मेले म्हणून इतर गालीलकरांपेक्षा अधिक पापी होते काय? आणि मग तो आपणहून दुसरे उदाहरण काढतो. यरुशलेमेत शिलोह येथे बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती नगरातील इतरांहून अधिक अपराधी होती काय? दोन्ही वेळा तो ‘नाही’ म्हणतो. पहिले संकट राजसत्तेच्या क्रौर्याचे, दुसरे निव्वळ अपघाताचे. दोहोंना त्याने एकच उत्तर दिले आहे.

मात्र तो तेथे थांबत नाही, आणि पुष्कळ लोक येथेच घसरतात. तुम्हीही पश्चात्ताप केला नाही तर नाश पावाल, असा इशारा तो पुढे देतो. काही टीकाकार हे वाक्य धरून म्हणतात, पाहा, म्हणजे संकट हे पापाचेच फळ. परंतु हा इशारा मेलेल्यांविषयी नसून विचारणाऱ्यांविषयी आहे. पापाचा हिशेब काढावयाचाच असेल तर ज्याने त्याने आपला काढावा. अठरा जणांच्या खात्याला हात लावू नये. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? तेथेही येशू दोन्ही पर्याय बाजूला सारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो.

ख्रिस्ती लोक एके काळी स्वतःच या आरोपाचे धनी होते, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतील तर्तुल्लियन या लेखकाने उपहासाने लिहिले आहे की, नदीला पूर येवो वा न येवो, भूकंप होवो की दुष्काळ, लोक ओरडतात ते ख्रिस्त्यांना सिंहापुढे टाका म्हणून. इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले तेव्हा जुने देव सोडल्याचा हा परिणाम, असे लोक म्हणू लागले. त्यांना उत्तर देण्यासाठी संत ऑगस्टीनने आपला मोठा ग्रंथ लिहावयास घेतला. संकटे सज्जनांवर आणि दुर्जनांवर सारखीच येतात, हा त्यातील एक मुख्य मुद्दा.

पुढे सत्ता हाती आल्यावर मात्र आरोप करणाऱ्यांच्या रांगेत ख्रिस्तीही जाऊन बसले. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण. पोर्तुगालमधील लिस्बन शहरात सकाळी लोक देवळांत उपासनेला जमले असता मोठा भूकंप झाला. मागून समुद्र चढून आला आणि आग लागली ती कित्येक दिवस जळत राहिली. माणसे हजारोंनी मेली, त्यांत देवळात गुडघे टेकलेली पुष्कळ. मालाग्रिदा नावाच्या एका जेझुइट पाद्र्याने पुढच्या वर्षी पुस्तिका काढून सांगितले की, याचे कारण नैसर्गिक नसून शहराची पापे हेच आहे. लोकांनी झोपड्या बांधण्यात वेळ दवडू नये, तप करावे. मंत्री पोंबाल यास हे खपले नाही. मालाग्रिदाला शहराबाहेर घालविण्यात आले आणि १७६१ साली पाखंडाच्या आरोपावरून त्याला देहदंड झाला, ही गोष्टही काही भूषणावह नाही. पण पोंबालने एक काम नामी केले. त्याने गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली धाडली : हादरा किती वेळ टिकला, किती वेळा बसला, कोणत्या दिशेने आला, विहिरींचे पाणी कसे झाले? भूकंपशास्त्राच्या इतिहासात ती प्रश्नावली आजही मानाने उल्लेखिली जाते. आणि नवी घरे बांधली ती भिंतीच्या आत लाकडी पिंजरा घालून, म्हणजे दगड ढासळला तरी छप्पर डोक्यावर येऊ नये. या पिंजऱ्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

बीदरच्या मेथॉडिस्ट बांधवांस येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांच्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी लिस्बनच्या भूकंपावर त्याच वर्षी पुस्तिका लिहिली, आणि तीत भूकंप हा देवाच्याच हातचा आहे, निव्वळ नैसर्गिक कारणांनी त्याची वासलात लावू नये, असे ठासून सांगितले. त्याआधी १७५० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनला दोन धक्के बसले होते, तेव्हा त्यांचे बंधू चार्ल्स वेस्ली यांनी भूकंपाचे नैतिक कारण पाप हेच होय असे प्रवचन केले होते. आज पुष्कळ मेथॉडिस्ट या मताशी सहमत होणार नाहीत, पण ते मत झाकून ठेवण्याचेही कारण नाही. दोन गोष्टी तेवढ्या लक्षात घ्याव्यात. वेस्ली इंग्रजांशी बोलत होते, लिस्बनच्या मृतांवर निकाल देऊन स्वतः सुटत नव्हते. आपल्याच देशाने भानावर यावे हा त्यांचा रोख होता. आणि याच वेस्लींनी १७४६ साली लंडनमध्ये गरिबांसाठी फुकट औषधांचा दवाखाना आणि बिनव्याजी उसनवारीचा निधी उघडला होता. आजारी माणूस दारात आला म्हणजे आधी औषध देत.

आता किल्लारीच्या भिंती. भूकंप सुमारे ६.२ प्रतीचा होता, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. पण तो जमिनीखाली फार खोल नव्हता. दख्खनचे हे काळ्या दगडाचे पठार स्थिर आहे अशी तज्ज्ञांचीही समजूत होती, जरी १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला लहान धक्के बसून गेले होते. आपल्या भागातील जुनी माळवदी घरे सर्वांच्या परिचयाची आहेत. भिंत दोन-अडीच फूट जाड, किंवा त्याहूनही. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि सांध्यांत चुन्याऐवजी चिखल. वर तुळया, फळ्या आणि उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू लागले की दर पावसाळ्याआधी आणखी माती. पिढ्यान् पिढ्या ओझे वाढत गेले. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि सर्व काही निजलेल्या माणसांवर आले. कुडाच्या, गवताच्या खोपी बहुधा तगल्या, वाडे पडले. ज्याचे घर मोठे त्याचे पाप मोठे, असा न्याय कोणी लावील काय?

याच्या चार महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ ६.७ प्रतीचा, म्हणजे किल्लारीहून मोठा भूकंप झाला. तोही पहाटे, माणसे निजलेली असताना. तेथे साठाच्या आसपास माणसे दगावली. लॉस एंजेलिस हे किल्लारीहून पुण्यवान शहर आहे असे म्हणणारा मनुष्य अद्याप भेटावयाचा आहे. फरक होता तो बांधकामाचा. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसविली गेली, आणि उरलेल्या जुन्या घरांच्या मजबुतीसाठी तज्ज्ञांनी जे उपाय सांगितले ते लिस्बनच्या पिंजऱ्याचेच भाऊबंद आहेत : भिंतीच्या दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड, छताखाली चोहोबाजूंनी पट्टा, माळवदावरील माती कमी करणे. या सेवेत ख्रिस्ती संस्थाही होत्या. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ साली उभी राहिलेली ‘कासा’ ही त्यांपैकी एक.

मग यात देवाचे स्थान कोणते? ख्रिस्ती विचारवंतांची उत्तरे एकसारखी नाहीत. कोणी पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा आधार घेऊन म्हणतात की सर्व सृष्टीच अजून अपुरी, प्रसूतिवेदनांनी कण्हणारी आहे. कोणी म्हणतात, देवाने सृष्टीला नियम लावून दिले. ज्या हालचालींनी डोंगर उभे राहतात त्यांनीच भूकंप होतात, आणि देव दर वेळी हात घालून नियम मोडीत नाही. पुष्कळांना क्रूसाचे उत्तर जवळचे वाटते, की देव दुःख देणाऱ्यांच्या बाजूला नसून भोगणाऱ्यांच्या बाजूला सापडतो. एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत वादळ येते, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि परमेश्वर या तिहींत नव्हता असे तीन वेळा सांगितले आहे. तो मागाहून आलेल्या मंद वाणीत होता. लेखकाला यांतील एकही उत्तर ईयोबाच्या मुलांच्या मृत्यूला पुरेसे वाटत नाही, आणि ईयोबाच्या ग्रंथकर्त्यालाही वाटले नसावे.

सुखरूप सुटलेल्यांच्या बोलण्यातही हा पेच असतो. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूत वेळांकण्णीच्या मातेचे देऊळ पाण्यापासून बचावले. भाविकांनी त्याला चमत्कार म्हटले. पण समुद्रकाठी गेलेले शेकडो यात्रेकरू वाहून गेले. तेही त्याच मातेच्या दर्शनाला आले होते. देऊळ राखले हे कृपेने, असे म्हणताना समोर कोण बसले आहे ते पाहावे.

हा केवळ ख्रिस्त्यांचा पेच आहे असेही नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी तीव्र निषेध कळविला, आणि गांधीजींनी तो ‘हरिजन’ पत्रात छापून उत्तर दिले. अस्पृश्यता पाप होती यात रवींद्रनाथांस शंका नव्हती. त्यांचा आक्षेप पाप आणि भूकंप यांच्या जोडणीला होता. भूकंपात सवर्णांबरोबर अस्पृश्यांचीही घरे पडली होती.

काही संकटांत पाप खरोखरीच असते, पण ते मृतांचे नसते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि दक्षिणेत लाखो माणसे मेली. निजामाच्या राज्यातील आपल्या भागालाही त्याची झळ लागली. पाऊस पडला नाही हे खरे, परंतु त्याच काळात देशातून धान्य परदेशी जात होते, आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हाइसरॉय लिटन यांचा थाटाचा दरबार भरला होता. आमोस असता तर तो दिल्लीला गेला असता. पंडिता रमाबाईंनी त्याच दशकात आईवडील आणि बहीण गमावली. भुकेच्या त्या दिवसांची हकिकत त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्यावर त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलीबाळींना आश्रयाला घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले.

आपल्या भागात हा प्रश्न मिटलेला नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनाने देशातील पहिला मृत्यू कलबुर्गीला झाला. आणि त्या साथीत आजार कोणी आणला याची बोटे देशभर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे कशी वळली हे सर्वांनी पाहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भीमेला महापूर येऊन अफजलपूरकडील गावे पाण्याखाली गेली. २०२१ च्या ऑक्टोबरात चिंचोळी तालुक्यात गडिकेश्वर येथे जमिनीतून आवाज येऊ लागले, चारच्या आसपास प्रतीचे धक्के बसले, आणि लोक घरे सोडून उघड्यावर निजू लागले. तेथल्या माणसाला कोणी विचारले की हा कोप कोणाचा, तर त्याच्या भिंतीला आरपार दगड आहेत काय हे आधी विचारणे बरे.

इंग्लंडच्या चर्चचे १६६२ चे प्रार्थनापुस्तक आहे, त्यात महागाई आणि दुष्काळाच्या वेळची एक प्रार्थना आहे. हे संकट आमच्या अपराधांमुळे आम्ही भोगीत आहोत, असे तीत देवापाशी कबूल केले आहे. शब्द आहे तो ‘आमच्या’. शेजारच्या गावासाठी तसली प्रार्थना त्या पुस्तकात छापलेली नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीवरील दुष्काळाची हकिकत आहे, ती आपल्यासारख्या संस्थांच्या चालकांनी जरूर वाचावी. अगब नावाचा संदेष्टा अंत्युखियास येऊन मोठा दुष्काळ पडणार असे सांगतो. तो क्लौद्य कैसराच्या दिवसांत पडला. तो कोणाच्या पापाने, हे तेथे कोणी विचारल्याची नोंद नाही. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बांधवांना मदत पाठवावी असे ठरले, आणि रक्कम बर्णबा व शौल यांच्या हाती दिली. हाच शौल पुढे पौल झाला. नंतरच्या अशाच एका वर्गणीच्या वेळी करिंथ येथील मंडळीला लिहिताना तो आवर्जून कळवितो की पैसा नेताना आपण विश्वासू माणसे बरोबर घेत आहोत, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणास बोल लावता येऊ नये. आपल्या बीदरची दामाजीपंतांची कथाही घराघरांत सांगितली जाते : दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे त्यांनी भुकेल्यांना खुली केली, आणि त्या धान्याची भरपाई करण्यास पांडुरंग विठू महार होऊन बीदरच्या दरबारात आला. मोहरा मोजून दिल्या आणि जाताना बादशहाकडून रसीद मागून घेतली.